संशयितांचा कायदा कलमवार वाचताना : नौपाड्यातील एका अभ्यासवर्गाचे परीक्षण

ठाण्याच्या नौपाड्यात घंटाळीच्या बाजूला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर शनिवारी संध्याकाळी इतिहासाचा जो अभ्यासवर्ग भरतो, त्याची या वेळची मालिका फ्रेंच राज्यक्रांतीतील एकाच कायद्याला वाहिलेली होती. १७ सप्टेंबर १७९३ रोजी पॅरिसमधील कन्व्हेन्शनने, म्हणजे तेथील तत्कालीन लोकप्रतिनिधींच्या सभेने, संमत केलेला हा ‘संशयितांचा कायदा’. एकूण सत्रे चार, शुल्क सहाशे रुपये, त्यात टिपणांची पुस्तिका आणि चहा अंतर्भूत. क्रांती म्हटली की आपल्याकडची व्याख्याने बहुधा बास्तीयच्या तुरुंगावरील हल्ल्यापासून सुरू होतात आणि गिलोटिनपाशी संपतात, त्यामुळे केवळ दहा कलमांवर चार संध्याकाळी कशा पुरवणार, ही शंका नाव नोंदवताना माझ्याही मनात होती. पहिली तीन सत्रे तिला उत्तम उत्तर देणारी ठरली. चौथ्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे आणि ती मी पुढे सविस्तर मांडणार आहे.

या वर्गाचे खरे बलस्थान त्याच्या पद्धतीत आहे. पुस्तिकेत कायद्याचा संपूर्ण मजकूर मराठीत दिलेला असून प्रत्येक कलमाखाली टिपण करण्यासाठी कोरी जागा ठेवली आहे. वर्ग घेणारे प्राध्यापक कलम मोठ्याने वाचतात आणि मग एकच प्रश्न विचारतात : हे कलम अमलात आणायचे तर उद्या सकाळी कोणी, कोणता कागद, कोणाकडे न्यायचा? माझी सगळी नोकरी कोर्टाच्या कचेरीत रोजनामे आणि वॉरंटे हाताळण्यात गेली, म्हणून मला ही पद्धत विशेष भावली असे कोणी म्हणेल, आणि ते खोटेही नाही. तथापि स्वातंत्र्य, समता आणि रक्तपात या तीन शब्दांभोवती फिरणाऱ्या भाषणांपेक्षा या एका प्रश्नाने त्या काळाचा स्वभाव कितीतरी अधिक स्पष्ट होतो, असे माझे मत आहे.

पहिले सत्र पार्श्वभूमीचे होते आणि ते आटोपशीर होते. १७९३ च्या उन्हाळ्यात फ्रान्स ऑस्ट्रिया, प्रशिया, ब्रिटन आणि स्पेन यांच्याशी एकाच वेळी लढत होता. मार्चपासून पश्चिमेकडील वांदे प्रांतात शेतकऱ्यांचे बंड पेटलेले होते, लियों शहराने पॅरिसविरुद्ध उठाव केला होता, जुलैत क्रांतीचा जहाल पत्रकार मारा याचा खून झाला होता आणि ऑगस्टच्या अखेरीस तूलोंचे आरमारी बंदर तेथील लोकांनीच ब्रिटिशांच्या हवाली केले होते. त्यातच पाव महाग. ५ सप्टेंबरला पॅरिसच्या मोहल्ल्यांतील जमाव कन्व्हेन्शनच्या सभागृहात शिरला आणि त्याने पाव व संशयितांची धरपकड या दोन्ही गोष्टी एका दमात मागितल्या. बारा दिवसांनी हा कायदा आला. भीती खरी होती, शत्रूही खरे होते, हे प्राध्यापकांनी आरंभीच ठासून सांगितले ते योग्यच केले, कारण त्यावाचून पुढची कलमे निव्वळ वेडेपणाची वाटली असती.

दुसऱ्या सत्रात दुसरे कलम घेतले गेले आणि तेथून वर्गाला रंग चढला. संशयित कोण, याची व्याख्या या कलमात सहा परिच्छेदांत दिली आहे. वर्तनाने, संबंधांनी, बोलण्याने किंवा लिखाणाने जे जुलमी राजवटीचे वा संघराज्यवादाचे (पॅरिसऐवजी प्रांतांच्या हाती सत्ता असावी या मताचे) पक्षपाती ठरले ते पहिले. आपला चरितार्थ कशावर चालतो आणि आपण नागरिक म्हणून कर्तव्ये बजावली आहेत की नाहीत, हे ज्यांना दाखवता येत नाही ते दुसरे. ज्यांना नागरिकनिष्ठेचा दाखला नाकारला गेला ते तिसरे, आणि ज्यांना कन्व्हेन्शनने वा तिच्या प्रतिनिधींनी पदावरून दूर करून पुन्हा घेतलेले नाही असे अधिकारी चौथे. पाचव्या परिच्छेदात पूर्वीचे सरदार-उमराव, त्यांचे पती-पत्नी, आईबाप, मुलेबाळे, भाऊबहिणी आणि देश सोडून गेलेल्यांचे कारभारी येतात, मात्र त्यांनी क्रांतीविषयी सातत्याने आपुलकी दाखवलेली नसेल तरच. जुलै १७८९ नंतर देशांतर केलेले लोक, मग ते ठरलेल्या मुदतीत परत आलेले का असेनात, सहाव्यात मोडतात.

या यादीत खून, फितुरी, शस्त्रसाठा अशा कृत्याचे नाव कोठेच नाही, हे वर्गात बसलेल्या एका तरुण वकीलबाईंनी प्रथम लक्षात आणून दिले. कायदा माणसाच्या कृतीविषयी बोलतच नाही; तो त्याच्या नात्यागोत्याविषयी, दाखल्यांविषयी आणि त्याने काय दाखवले नाही याविषयी बोलतो. ‘सातत्याने आपुलकी दाखवली नाही’ हा आरोप खोडून काढायला कोणता पुरावा पुरेल? प्राध्यापकांनी याला जोडूनच पॅरिसच्या कम्यूनचा, म्हणजे नगरपालिकेचा, अधिकारी शोमेत याने ऑक्टोबर १७९३ मध्ये सुचवलेल्या खुणा वाचून दाखवल्या. ज्यांनी स्वातंत्र्याविरुद्ध काही केले नाही पण त्याच्यासाठीही काही केले नाही, त्यांनासुद्धा त्याने संशयितांत बसवले होते. हाच शोमेत पुढे एप्रिल १७९४ मध्ये गिलोटिनवर गेला. हे सांगताना प्राध्यापकांनी आवाज चढवला नाही, नुसती तारीख सांगितली आणि पुढचे कलम उघडले. मला हा संयम आवडला.

तिसरे सत्र हे या मालिकेचे मर्म. तिसऱ्या कलमाने यादी करण्याचे, अटकेचे हुकूम काढण्याचे आणि कागदपत्रांना मोहोर लावण्याचे काम देखरेख समित्यांकडे दिले होते. या समित्या त्याच वर्षीच्या २१ मार्चच्या हुकुमाने गावोगावी आणि शहरांच्या विभागांत नेमायच्या होत्या. प्रत्येकीत बारा सभासद असत आणि त्यात पाद्री वा सरदार घराण्यातील कोणाला घेत नसत. पॅरिसमध्ये असे अठ्ठेचाळीस विभाग होते, म्हणजे ज्याला पकडायचे तो आणि पकडणारे बहुधा एकाच गल्लीतले, एकाच पाववाल्याच्या दारात रांग लावणारे. चौथे कलम सांगते की किमान सात सभासद हजर असल्याशिवाय आणि स्पष्ट बहुमताशिवाय अटकेचा हुकूम काढता येणार नाही. येथे वर्गातील काही जणांना हसू आले, कारण अन्यायालाही गणसंख्या लागते हे त्यांना विनोदी वाटले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. कोरम पूर्ण आहे, ठराव बहुमताने झाला आहे, वहीत सह्या आहेत, असे असले की माणसाला आपण काही वावगे करतो आहोत असे वाटेनासे होते, आणि कचेरीत आयुष्य काढलेल्या कोणालाही हे ठाऊक असते.

आठवे कलम तर कारकुनी बुद्धीचा नमुनाच आहे. कैद्यांवरील पहाऱ्याचा खर्च कैद्यांनीच सोसायचा आणि तो त्यांच्यात समान वाटायचा. पहाऱ्यासाठी शक्यतो कुटुंबवत्सल बाप्ये आणि सरहद्दीवर गेलेल्या वा जाणाऱ्या नागरिकांचे नातेवाईक घ्यायचे, आणि प्रत्येक पहारेकऱ्याला दीड दिवसाच्या मजुरीइतका मेहनताना द्यायचा. सरहद्दीवर मुलगा पाठवलेल्या बापाला घरबसल्या रोजगार मिळतो आणि तिजोरीला तोशीस लागत नाही. प्राध्यापकांनी फळ्यावर एका काल्पनिक तुरुंगाचा हिशेब मांडून दाखवला आणि कैद्यांची संख्या वाढली की प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च कसा घटतो हे समजावले. फळ्यावरचे ते गणित मी पुस्तिकेत उतरवून घेतले आहे.

त्यानंतर सातवे आणि दहावे कलम. सातव्यानुसार कैद्याला अगदी निकडीचे सामान आणवता येई, आणि त्याला ‘शांतता प्रस्थापित होईपर्यंत’ ठेवायचे होते. किती महिने, किती वर्षे, याचा उल्लेख नाही; युद्ध संपेल तेव्हा सुटका. दहावे कलम त्याहून कठोर आहे. ज्यांच्याविरुद्ध खटला चालवण्यास आधार नाही असे ठरले, किंवा जे निर्दोष सुटले, त्यांनाही न्यायालये गरज वाटल्यास संशयित म्हणून अडकवून ठेवू शकत होती. सुटकेच्या हुकुमाची नक्कल मिळावी म्हणून खिडकीशी ताटकळणारे नातेवाईक मी बरेच पाहिले आहेत, त्यामुळे हे कलम वाचताना पुढचे वाक्य ऐकण्याआधी मी पुस्तिका खाली ठेवली. संपूर्ण कायद्यात सर्वांत भीषण ओळ हीच, असे मी मानतो. कित्येक लोकप्रिय पुस्तकांत तिचा उल्लेखही नसतो, तेव्हा तिला अर्धा तास दिल्याबद्दल वर्गाचे कौतुक करायला हवे.

तिसऱ्या सत्राच्या उत्तरार्धात एक प्रात्यक्षिक होते. एका टेबलाभोवती सात खुर्च्या मांडून सात जणांची समिती बसवली आणि त्यांच्यापुढे रचलेल्या प्रकरणांच्या फायली ठेवल्या. पहिली फाईल एका शिवणकाम करणाऱ्या विधवेची होती. तिचा भाऊ देश सोडून गेलेल्या एका सरदाराचा कारभारी होता आणि शेजाऱ्याने तिच्याकडे रात्री दिवा जळत असल्याचे कळवले होते. समितीतल्या एका ज्येष्ठ काकूंनी सुरुवातीलाच विचारले, “तिने स्वतः काही केलंय का?” त्यावर पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “अहो काकू, पण सोडायचं तर कारण काय लिहिणार?” पाच विरुद्ध दोन मतांनी अटक मंजूर झाली, तीही चहा यायच्या आत. मग प्राध्यापकांनी पाचवा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. त्यात भाऊबहिणी येतात त्या सरदारांच्या; कारभारी स्वतः येतो, कारभाऱ्याची बहीण येत नाही. समितीने कायद्यापेक्षाही पुढे जाऊन ठराव केला होता, आणि सातांपैकी एकालाही मजकूर पुन्हा तपासावासा वाटला नव्हता.

दुसरी फाईल दाखला नाकारल्या गेलेल्या एका कापडव्यापाऱ्याची होती. तिच्यावर चर्चाच झाली नाही, कारण दाखला नाही म्हणजे तो आपोआप संशयित. समितीने ठरवावे असे काही उरतच नव्हते. एका कॉलेजच्या मुलीने विचारले, “सर, कारण अटकेआधी लिहायचं की नंतर?” उत्तरादाखल नववे कलम वाचले गेले : अटक केलेल्यांची यादी, कारणे आणि जप्त कागद समितीने कन्व्हेन्शनच्या सार्वत्रिक सुरक्षा समितीकडे विनाविलंब पाठवावेत. म्हणजे कारणे वर कळवायची आहेत, पण पकडल्या गेलेल्याला ती सांगावीत असे त्यात कोठे म्हटलेले नाही. त्या मुलीचा प्रश्न पूर्ण मालिकेतील सर्वांत नेमका प्रश्न होता. प्राध्यापकांनी तो पुढच्या तुकडीच्या टिपणांत घालावा, अशी माझी सूचना आहे.

आता चौथे सत्र. ते फार घाईत उरकले गेले. या कायद्याखाली आणि त्याच्या अवतीभवतीच्या हुकुमांखाली किती लोक पकडले गेले, याचे इतिहासकारांचे अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात, आणि रीतसर देहदंडाच्या शिक्षा सुमारे सतरा हजार मानल्या जातात. हे आकडे सांगितले गेले, पण त्यांतील अंतराचा अर्थ लावला गेला नाही. पकडलेल्या बहुसंख्य माणसांपर्यंत गिलोटिन पोहोचलेच नाही. ते मठांत, जुन्या वाड्यांत, राष्ट्रीय मालकीच्या इमारतींत थंडी, गर्दी आणि तापाशी झगडत वाट पाहत बसले, आणि त्यातले कित्येक हजार तेथेच मेले. संशयितांच्या कायद्याची खरी कहाणी ही वाट पाहण्याची आहे. असे असताना सत्राचा बराच वेळ त्या राजवटीचा प्रमुख नेता रोबेस्पिएर याच्या स्वभावचित्रणात गेला.

डिसेंबर १७९३ मध्ये पत्रकार कामीय देमुलँ याने, स्वतः क्रांतीचा कट्टर पुरस्कर्ता असूनही, तुरुंगातील दोन लाख ‘संशयितां’ना सोडा आणि दयेची समिती नेमा, असे छापील पत्रकातून मागितले आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याचाच शिरच्छेद झाला. या प्रसंगाला मोजून दोन वाक्ये मिळाली. फेब्रुवारी-मार्च १७९४ मध्ये रोबेस्पिएरचा सहकारी सँ-झ्युस्त याच्या पुढाकाराने क्रांतीच्या शत्रूंची मालमत्ता जप्त करून गरजू देशभक्तांत वाटण्याचे हुकूम निघाले, त्यांचा तर उल्लेखही झाला नाही. हा मुद्दा वगळणे मला गंभीर वाटते, कारण संशयावरून माणूस आत गेल्याने शेजाऱ्याला जमीन मिळण्याची शक्यता निर्माण झाली की तक्रारी करणाऱ्यांच्या हेतूविषयी निराळाच विचार करावा लागतो. १० जून १७९४ चा प्रेरियालचा (हे क्रांतीच्या पंचांगातील एका महिन्याचे नाव) कायदा, ज्याने आरोपीचा वकील काढून घेतला आणि निकालासाठी सुटका किंवा मृत्यू एवढेच दोन पर्याय ठेवले, तो मात्र व्यवस्थित समजावला गेला. पुढच्या सात आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये सुमारे तेराशे जणांचा शिरच्छेद झाला. कवी आंद्रे शेनिए हा त्यांतलाच एक. मार्चमध्ये पॅरिसजवळच्या पासी येथे एका ओळखीच्या घरी गेला असता तो पकडला गेला होता आणि २५ जुलैला, रोबेस्पिएरच्या पाडावाच्या केवळ दोन दिवस आधी, त्याला मारण्यात आले.

रोबेस्पिएर पडला आणि तुरुंगांची दारे उघडली, असे चौथ्या सत्रातून सूचित झाले. प्रत्यक्षात संशयितांचा कायदा त्यानंतरही वर्षभराहून अधिक काळ पुस्तकात राहिला आणि ऑक्टोबर १७९५ मध्ये रद्द झाला. ऑगस्ट १७९४ मध्ये सुटका सुरू झाली तेव्हा कन्व्हेन्शनने कसोटी लावली ती हीच : सप्टेंबरच्या कायद्यात नमूद केलेल्या कारणांखेरीज अन्य कारणाने ज्यांना धरले असेल त्यांना सोडा, आणि अटकेची कारणे लेखी द्या. ज्या कायद्याने लोक आत गेले त्याचीच कलमे मोजून लोक बाहेर आले, इतक्या समित्या कायद्याच्या पलीकडे गेल्या होत्या. तिसऱ्या सत्रातल्या शिवणकाम करणाऱ्या विधवेशी याचा थेट दुवा जुळत होता आणि तो जोडणे अगदी सोपे होते. कायद्याचा मसुदा मांडणारा मेर्लँ द दुए याचे पुढे काय झाले, हेही सांगितले गेले नाही. तो १७९७ मध्ये डिरेक्टरीचा, म्हणजे पाच जणांच्या सत्ताधारी मंडळाचा, सभासद झाला, नेपोलियनच्या काळात सर्वोच्च न्यायालयात सरकारी वकिलीच्या अत्युच्च पदावर बसला आणि १८३८ मध्ये वयाची चौऱ्याऐंशी वर्षे पूर्ण करून वारला.

स्थानिक संदर्भ जोडण्याचा प्रयत्न चौथ्या सत्रात झाला, पण तो चुकीच्या जागी जोडला गेला. ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचे मध्यवर्ती कारागृह, आणि तेथे १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिली गेली, ही आठवण ठाणेकरांच्या वर्गात निघणारच. मात्र त्या तिघांवर आरोपपत्र होते, खटला चालला होता आणि शिक्षा झाली होती. संशयावरून, खटल्याविना ठेवण्याशी त्यांचे उदाहरण जुळत नाही. जुळते ते पुण्याच्या नातू बंधूंचे. रँडच्या खुनानंतर १८९७ मध्ये त्यांना १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन पंचवीसखाली कोणताही आरोप न ठेवता स्थानबद्ध केले गेले. तेथून १९१९ चा रौलट कायदा, राज्यघटनेचा बाविसावा अनुच्छेद, १९७१ चा अंतर्गत सुरक्षेचा ‘मिसा’ कायदा, आणीबाणीत स्थानबद्धतेची कारणे सांगण्याचे बंधन काढून टाकणारी दुरुस्ती, आणि आणीबाणीत स्थानबद्धांना कोर्टात दाद मागता येत नाही असे ठरवणाऱ्या २८ एप्रिल १९७६ च्या निकालातील न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचे एकट्याचे विरोधी मत, अशी एक सरळ वाट होती. आपल्या बाविसाव्या अनुच्छेदात तीन महिन्यांहून अधिक काळ ठेवायचे तर सल्लागार मंडळाचे मत लागते आणि कारणे कळवावी लागतात. फ्रान्सच्या सातव्या व नवव्या कलमांशेजारी ते ठेवून वाचले असते तर श्रोत्यांना दोन्ही मजकूर अधिक कळले असते. पाचवे सत्र वाढवून शंभर-दीडशे रुपये अधिक घेतले तरी कोणी कुरकुर करणार नाही.

व्यवस्थेविषयी थोडे. नोंदणी व्हॉट्सअ‍ॅपवर होते आणि उत्तर त्याच दिवशी येते. सभागृह स्वच्छ आहे, पण खालच्या रस्त्यावरील हॉर्नमुळे मागच्या दोन रांगांत ऐकू येत नाही आणि माईक एकच असल्याने श्रोत्यांचे प्रश्न पुढच्यांना कळत नाहीत. लिफ्ट नाही, गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. स्थानकापासून चालत यावे, शनिवारी संध्याकाळी गोखले रोडने रिक्षा केल्यास वेळ अधिक लागतो. पुस्तिकेची छपाई चांगली असली तरी कलमांचा टाइप बारीक आहे, आणि फ्रेंच विशेषनामे दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिली आहेत, ती पुढच्या आवृत्तीत एकसारखी करावीत. चहा कडक आणि वेळेवर.

पाचपैकी चार गुण. पुढील तुकडीत जाणाऱ्यांनी तिसरे सत्र कोणत्याही कारणाने चुकवू नये आणि प्रात्यक्षिकात समितीच्या खुर्चीवर बसण्यासाठी नाव आधीच द्यावे, कारण जागा सातच असतात आणि आयोजक आठवी खुर्ची मांडत नाहीत.